ओमनी घाट चढेना: बोअर करायच्या आधी कॉम्प्रेशन नीट मोजा

प्रश्न थोडक्यात असा. जांबोटीजवळच्या एका शेतकऱ्यांची 1999 ची कार्ब्युरेटरवाली ओमनी, केए-22 पासिंग, गेली सहा वर्षं गॅसवर. भाजी भरून चोर्ला घाटातून साखळीला उतरतात, येताना नारळ भरून चढतात. पूर्वी केरीपासून वर तिसऱ्या-दुसऱ्या गिअरात यायची, आता दुसऱ्यात दमते आणि वळणावर पहिला टाकावा लागतो. गावातल्या मेस्त्रींनी गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा किती दाबली जाते ते, बघितलं, तीन सिलिंडरचे 110, 70 आणि 105 पाउंड आले. ‘रिंगा गेल्या, बोअर करावं लागेल, तीस-पस्तीस हजार धरा,’ असं ते म्हणाले, म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या आणि सिलिंडर आतून कापून मोठं करावं लागेल. निळा धूर नाही, ऑइल फारसं कमी होत नाही. तर बोअर करावं का?

लगेच करू नका. तुमच्या मेस्त्रींना मी चुकीचं म्हणत नाही, दोन नंबर सिलिंडर खरोखर आजारी असण्याची शक्यता दाट आहे. पण कॉम्प्रेशन कमी म्हणजे रिंगाच गेल्या, हे आपल्याकडे इतकं पाठ झालंय की पुढची पाच मिनिटांची तपासणी कुणी करतच नाही. तुम्ही सांगितलेली लक्षणं रिंगांशी जुळत नाहीत.

मी चाळीस वर्षं हेच करतोय. आधी बेळगावात खानापूर रोडला उस्तादांच्या हाताखाली, मग उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या मागच्या बाजूला स्वतःचं शेड. गिऱ्हाईक कानडी असलं तर ‘इंजिनदाग दम इल्ल री’ म्हणतं, मराठी असलं तर ‘मेस्त्री, गाडी ओढेना बघा की’ म्हणतं. तक्रार एकच, कारणं मात्र वीस. त्या वीसातली निम्मी इंजिनाच्या बाहेरची असतात, म्हणून गेज हातात घ्यायच्या आधी ती निकालात काढायची.

पहिलं म्हणजे कुणाला तरी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि कार्ब्युरेटरची पाकळी पूर्ण उघडते का ते डोळ्यांनी बघा. हसू नका. केबल सैल झालेली किंवा पायाखालची मॅट दुमडून पेडलखाली गेलेली, अशा गाड्या ‘इंजिन कामाला’ म्हणून माझ्याकडे आलेल्या आहेत. दुसरं, चढावर रेस दिली की इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वाढत नाही, असं असेल तर क्लच घसरतोय. तिसरं, सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रल करून हाताने ढकला. एका माणसाला ओमनी हलली पाहिजे. जड जात असेल तर पाचेक किलोमीटर चालवून ड्रमजवळ हात न्या, ब्रेक धरून बसलेला ड्रम लगेच कळतो. चौथं एअर फिल्टर, आणि पाचवं इग्निशन टायमिंग. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात डिलकोच्या, म्हणजे प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, टोपीत ओल शिरली की गाडी मिसिंग मारते, आणि माणूस समजतो की इंजिन बसलं. फक्त पावसाळ्यातच त्रास होत असेल तर कॉम्प्रेशनच्या नादी लागू नका, टोपी, रोटर आणि प्लगच्या वायरी बघा.

तुमच्या बाबतीत आणखी एक प्रश्न विचारतो. पेट्रोलवर टाकली तरी तितकीच दमते का? पेट्रोलवर बरी चालत असेल तर आधी गॅसकिटचा रेग्युलेटर आणि मिक्सर बघायचा. दोन्हींवर सारखीच असेल तर मग गेज आणा.

आता त्या 110, 70, 105 कडे येऊ. मोजणी कशी झाली तेही तुम्ही लिहिलंय: इंजिन थंड, एकाच सिलिंडरचा प्लग काढून बाकीचे तसेच, अॅक्सिलरेटरला पाय नाही, आणि रबरी टोकाचा गेज हाताने दाबून धरलेला. या चारही गोष्टी आकडा खाली आणतात. बाकीचे प्लग आत असले की सेल्फला तीन सिलिंडरचं कॉम्प्रेशन ढकलावं लागतं, इंजिन सावकाश फिरतं, प्रत्येक दाबाच्या वेळी हवा गळायला जास्त वेळ मिळतो. पाकळी बंद असली तर सिलिंडरला पुरेशी हवाच मिळत नाही, मग दाबणार काय? एकदा शिकाऊ पोरांना दाखवायला मी माझ्याच धडधाकट गाडीवर अशी मोजणी केली. नीट मोजल्यावर दीडशेच्या वर जाणारा काटा सव्वाशेपर्यंतसुद्धा पोचला नाही. म्हणजे तुमच्या 110 आणि 105 ला घाबरायचं कारण नाही. ते दोन सिलिंडर चांगले असू शकतात.

पण या चुका तिन्ही सिलिंडरना सारख्याच लागू होत्या. तरी दोन नंबर चाळीस पाउंडांनी मागे आहे. रबरी टोक नेमकं तिथेच तिरकं बसलं नसेल, तर हा फरक खरा आहे. तीन सिलिंडरच्या गाडीत एकाने अंग काढलं की घाटात काय होणार ते तुम्ही रोज बघताय.

आणखी एक गोष्ट आपल्याकडचे लोक विसरतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा आठ-नऊ टक्के विरळ. जी गाडी खाली साखळीत 170 पाउंड दाखवेल, तीच गाडी, तोच गेज, बेळगावात 155 च्या आसपास दाखवेल. इंजिनाला काहीही झालेलं नसतं. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा धरून इथे ताडून बघितला तर अर्ध्या बेळगावच्या गाड्या बोअरला काढाव्या लागतील. जुन्या पेट्रोल गाड्यांना आपल्या उंचीवर गरम इंजिनावर 140 ते 165 मिळत असतील तर मी समाधानी असतो. त्यापेक्षा महत्त्वाचं असतं सिलिंडरांमधलं अंतर. मारुतीच्या वर्कशॉपच्या हिशेबाने दोन सिलिंडरमधला फरक एक किलोपेक्षा, म्हणजे साधारण चौदा पाउंडांपेक्षा, जास्त नको. गेजवर पाउंड आणि किलो दोन्हींची वर्तुळं असतात, कुठल्या वर्तुळावरचा आकडा वाचताय ते आधी ठरवा.

आता मोजणी कशी करायची ते सांगतो. तुमच्या मेस्त्रींनाच दाखवा, ते करतील. त्यांच्याकडे चुडीचा गेज नसेल तर बेळगावात कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. हाताने दाबायचा नको, प्लगच्या भोकात आवळून बसणारा, 14 मिलिमीटर चुडीचा घ्या. त्याच्या नळीच्या टोकाला, प्लगच्या बाजूला, एक छोटा वॉल असतो. तो हरवला म्हणून कुणी ट्यूबचा वॉल बसवतो. तसं करू नका. ट्यूबच्या वॉलची स्प्रिंग कडक असते, त्यामुळे काटा खोटा खाली राहतो. गेज नवा असला तरी एकदा चांगल्या गाडीवर लावून बघा. माझा गेज मी अधूनमधून स्वतःच्या गाडीवर लावतो. काटा नेहमीच्या जागी आला तर गिऱ्हाइकाच्या गाडीला दोष द्यायचा मला अधिकार.

दहा-पंधरा किलोमीटर गाडी फिरवून आणा. मग गॅसच्या टाकीचा वॉल बंद करा आणि उरलेला गॅस जळून इंजिन आपोआप बंद होऊ द्या. ओमनीचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणजे आपण बसतो त्याच खोलीत. प्लगच्या भोकातून सेल्फबरोबर इंधनाची वाफ बाहेर फेकली जाते, म्हणून सगळे दरवाजे उघडे ठेवा, बिडी-सिगारेट लांब ठेवा आणि इग्निशन कॉइलची बारा व्होल्टची वायर काढा. प्लगच्या वायरी नुसत्या लोंबकळत ठेवून सेल्फ मारला तर कॉइल खराब होऊ शकते, आणि वाफेत ठिणगी पडली तर त्याहून वाईट. कार्ब्युरेटरच्या इंधन बंद करणाऱ्या सोलेनॉइडची वायरही काढून ठेवा. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाली, गाडी असती तर पेट्रोल पंपाचा फ्यूज काढायला सांगितलं असतं.

प्लग थोडे सैल करून भोवतालची माती हवेने उडवा, मगच पूर्ण काढा. नाहीतर जांबोटीची तांबडी माती सरळ पिस्टनवर. तिन्ही प्लग काढून क्रमाने ओळीत ठेवा, त्यांची तोंडंही बोलतात. कोरडा राखाडी-तपकिरी प्लग चांगला, काळा आणि तेलकट असेल तर त्या सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. एअर फिल्टर काढा, चोक उघडा, आणि एका माणसाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायला बसवा. बॅटरी भरलेली हवी. तिसऱ्या सिलिंडरला येईपर्यंत बॅटरी मंदावली तर तिसराच कमी दिसणार, आणि तुम्ही त्याच्यावर खापर फोडणार. शंका आली तर पहिला सिलिंडर शेवटी परत मोजा. आकडा तोच आला तर बॅटरी टिकली.

प्रत्येक सिलिंडरला गेज लावून सारखेच धक्के मोजा, पाच किंवा सहा. इथे काट्याकडे डोळे लावून बसा. सगळे शेवटचा आकडा लिहितात, पहिला कुणी लिहीत नाही, आणि खरी माहिती पहिल्या धक्क्यात असते. चांगल्या सिलिंडरचा काटा पहिल्याच धक्क्याला अर्ध्याच्या वर उडी मारतो आणि मग भरभर वर जातो. रिंगा झिजलेल्या सिलिंडरचा काटा पहिल्या धक्क्याला कमी असतो, पण प्रत्येक धक्क्याला थोडं थोडं चढत राहतो. इंजिनाचा वॉल, म्हणजे सिलिंडरची हवा आत-बाहेर सोडणारी झडप, गळत असेल तर काटा सुरुवातीला कमी असतो आणि पुढेही तसाच राहतो, जणू गेजच बिघडलाय. उस्ताद आम्हाला शेवटचा आकडा सांगूच द्यायचे नाहीत. ‘कसा चढला ते सांग,’ म्हणायचे. म्हणून कागदावर दोन रकाने करा, पहिल्या धक्क्याचा आणि शेवटचा.

समजा दोन नंबर पुन्हा कमीच आला. आता ओलं माप घ्यायचं. चहाचा एक चमचा, त्याहून जास्त नाही, इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून आत सोडा. दोन-तीन धक्के सेल्फ मारून ते पसरू द्या आणि गेज लावून परत मोजा. ऑइल रिंगांभोवती तात्पुरतं सील करतं. काटा चांगला वर गेला, म्हणजे 70 चा 110-120 झाला, तर गळती रिंगा किंवा बोअरमधून आहे, आणि तुमचे मेस्त्री बरोबर. पाच-सात पाउंडच सरकला तर रिंगा निर्दोष, हवा वॉलमधून किंवा सिलिंडर आणि वरचं हेड यांच्यामधल्या गॅस्केटमधून जातेय. ऑइल जास्त घालू नका, नुसतं आत जागा भरली म्हणूनही आकडा वाढतो आणि फसवतो.

दोन शेजारचे सिलिंडर सारखेच कमी असतील आणि ओल्या मापानेही हलत नसतील तर दोघांच्या मधलं हेड गॅस्केट जळलेलं असतं. अशा वेळी पाणी कमी होतं का, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात का, ऑइल दुधाच्या चहासारखं झालंय का, ते बघतो. तुमच्याकडे एकटा दोन नंबर कमी आहे, म्हणून गॅस्केटवर माझा संशय कमी. आणि कधीकधी एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा जास्त दाखवतो. तो तब्येतीने चांगला नसतो, त्याच्या आत कार्बन साचलेला असतो.

सगळे सिलिंडर सारखेच कमी आले तर काय? इथे माझी एक जुनी चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी अनगोळची एक मारुती 800 माझ्याकडे आली. तिन्ही सिलिंडर शंभरच्या आत-बाहेर, अगदी सारखे. मी फुशारकीने सांगितलं, रिंगा गेल्या. इंजिन उतरवलं, रिंगा बदलल्या, बोअर होन करून, म्हणजे आतून बारीक घासून, घेतला, जोडलं, आणि आकडे जिथल्या तिथे. तीन सिलिंडरच्या रिंगा एकाच वेळी, एकाच मापाने झिजतात होय? टायमिंग बेल्ट बदलताना आधीच्या कुणीतरी एक दात चुकवला होता. वॉल उशिरा बंद होत होते आणि आत आलेली हवा थोडी परत जात होती. बेल्ट खुणेवर बसवला आणि गाडी पळाली. रिंगांचे पैसे मी मालकाकडून घेतले नाहीत, पण त्यांचा गेलेला आठवडा काही परत आला नाही. तेव्हापासून तिन्ही सारखे कमी दिसले की मी आधी बेल्टचं कव्हर काढतो, मग कार्ब्युरेटर पूर्ण उघडला होता का ते विचारतो, आणि रिंगांचं नाव सगळ्यात शेवटी घेतो.

हेड न उघडता गळती नेमकी कुठे आहे हे कानाने ऐकायचं एक साधन आहे. मोठ्या वर्कशॉपमध्ये त्याचा तयार सेट असतो. आम्ही जुन्या प्लगचा चिनी मातीचा भाग फोडून काढतो, उद्यमबागेत लेथवर आतून भोक मोठं करून घेतो आणि त्यावर हवेच्या पाइपचं तोंड वेल्डिंग करतो. मग पंक्चरवाल्याचा कंप्रेसर पुरतो. दोन नंबरचा पिस्टन नेमका वरच्या टोकाला, दोन्ही वॉल बंद, अशा जागी आणायचा. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. हवा सोडली की पिस्टन खाली ढकलला जातो आणि इंजिन फिरू शकतं, म्हणून पंखा आणि बेल्टजवळ हात नको. हवा थोडी थोडी सोडा आणि ऐका. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक वॉल. सायलेन्सरच्या तोंडातून आली तर एक्झॉस्ट वॉल. ऑइल भरायच्या टोपणातून किंवा डिपस्टिकच्या नळीतून आली तर रिंगा. शेजारच्या प्लगच्या भोकातून किंवा रेडिएटरमधून आली तर गॅस्केट. थोडी हवा टोपणातून येतेच, नव्या गाडीतही येते, तेवढ्याने दचकू नका. हे एकदा स्वतःच्या कानांनी ऐकलं की कुणी काहीही सांगो, बिलावर सही करताना तुम्हाला धाकधूक वाटणार नाही.

मला असं वाटतं की तुमच्या सायलेन्सरमधून आवाज येईल. कारण गॅस. एलपीजी कोरडा जळतो आणि एक्झॉस्ट वॉलची सीट, म्हणजे वॉल बंद होताना जिथे टेकतो ते कडं, गरम राहते. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते सीटवर पातळ थर धरून झीज थांबवायचं. 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झालं आणि श्वासातलं विष गेलं, ते बरंच झालं. पण जुन्या हेडांचा तो आधारही गेला. गॅसवर सीट हळूहळू झिजते, वॉल हेडमध्ये वर सरकतो, त्याचं शेपूट त्याला दाबणाऱ्या रॉकरजवळ येतं आणि दोघांमधलं टॅपेटचं अंतर मिटत जातं. अंतर संपलं की वॉल पूर्ण बसत नाही. उघड्या फटीतून जळता वायू जातो आणि वॉलची कड जळते. या सगळ्यात गंमत अशी की टॅपेटचा आवाज कमी होतो आणि मालक खूश होतो, ‘बघा, इंजिन कसं गप्प झालंय.’ गॅसच्या गाडीत टॅपेट थोडे वाजलेले बरे. गेल्या सहा वर्षांत टॅपेट किती वेळा बघून घेतलेत? मला उत्तराचा अंदाज आहे.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर सगळ्यात आधी, गेजच्याही आधी, टॅपेट कव्हर उघडून अंतर बघितलं असतं. थंड इंजिन, प्रत्येक सिलिंडर वरच्या टोकाला आणून, फीलर गेज घालून. या इंजिनाला थंड असताना साधारण 0.15 मिलिमीटर लागतं. एक्झॉस्टला मी किंचित जास्त ठेवतो, गॅसवर तर नक्कीच. दोन नंबरच्या एक्झॉस्टला पातळातली पातळ पात सुद्धा जात नसेल तर चोर सापडला. स्क्रू सैल करून अंतर लावा, गाडी चार दिवस चालवा आणि परत कॉम्प्रेशन मोजा. वॉलची कड अजून जळलेली नसेल तर आकडा पुष्कळ वर येतो. खर्च म्हणाल तर कव्हरच्या गॅस्केटचा आणि तासाभराच्या मजुरीचा. नाही आला तर हेड उतरवायचंच आहे, पण नुसतं हेड. बोअरला हात नाही.

निळ्या धुराबद्दल तुम्ही लिहिलं नसतं तर मी इतक्या खात्रीने बोललो नसतो. रिंगा खरोखर गेल्या असत्या तर चढावर ओझं असताना मागून निळा धूर सतत दिसला असता, इंजिनाची आतली वाफ सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून वाफ फुसफुसली असती आणि दर हजार किलोमीटरला ऑइल टाकावं लागलं असतं. चोर्ला उतरताना अॅक्सिलरेटर बराच वेळ सोडून मग दाबला आणि तेव्हा एकच निळा भपका आला, तर ते वॉलच्या सीलचं काम असतं. ते रिंगांचं समजून इंजिन उघडणारे मी पुष्कळ बघितलेत.

हेड उतरवलं तर ते खाली उद्यमबागेत पाठवा. फाउंड्री आणि क्रँकशाफ्टच्या कामांवर घडलेला तो भाग आहे, हेडचं काम करणारे हात तिथे कमी नाहीत. पण सांगून करून घ्या. हेडचा पृष्ठभाग सरळपट्टी आणि फीलरने तपासायचा, 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त वाकलेलं असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं. जळलेला एक्झॉस्ट वॉल नवा, बाकीचे पेस्ट लावून घासून. सीट खोल गेली असेल तर गॅसला चालणारी कडक सीट बसवून घ्या, नुसती जुनी घासून दिली तर दोन वर्षांत पुन्हा इथेच. घासून झालं की वॉल बसवून पोर्टमध्ये रॉकेल ओतायला लावा आणि पाच मिनिटं बघत राहा. थेंब पाझरला तर परत घासायला. माझ्यासमोर हे न करता ‘झालं मेस्त्री, घेऊन जावा’ म्हणणाऱ्याकडून मी हेड उचलत नाही.

हेड उघडलेलं असताना सिलिंडरमध्येही बघून घ्या. वरच्या कडेला नख अडकेल असा कठडा असेल, किंवा भिंतीवर उभे ओरखडे असतील, तर बोअरचा विचार करायला हरकत नाही. होनिंगच्या तिरप्या रेघा अजून दिसत असतील तर तो बोअर खूप दिवस चालणार आहे.

बाजूचं एक सांगून ठेवतो, कारण आपल्या भागात डिझेल जीपही पुष्कळ आहेत आणि हे वाचून कुणीतरी तोच गेज जीपला लावेल. लावू नका. डिझेलचं कॉम्प्रेशन साडेतीनशे-चारशे पाउंडांच्या घरात असतं, पेट्रोलचा गेज फुटतो. त्याला वेगळा, मोठा गेज लागतो आणि तो इंजेक्टर किंवा ग्लो प्लगच्या जागी बसतो. आणि डिझेलला ओलं माप तर अजिबात घ्यायचं नाही. आतली जागा लहान असते, ऑइल दाबलं जात नाही, आणि दाबाने पेटलं तर इंजिन स्वतःहून धावतं. डिझेलला थंडीत सकाळी स्टार्ट व्हायला लागणारा वेळ आणि ब्रीदरचा धूर यांवरूनच निम्मं कळतं.

कार्ब्युरेटरवाल्या पेट्रोल गाड्या चालवणाऱ्यांनीही एक बघून ठेवा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यातलं बरंचसं आपल्याच भागातल्या साखर कारखान्यांचं असेल. कार्ब्युरेटरमधली पेट्रोल सोडणारी जुनी भोकं, म्हणजे जेट, शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाचे, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ जळतं आणि गाडी किंचित कमी ओढते. तेवढ्याने घाटात पहिला गिअर लागत नाही, पण जुने रबरी पाइप मऊ पडून फुगतात, ते वेळेत बदला.

तर क्रम असा ठेवा: आधी पेट्रोलवर चालवून बघणं, मग टॅपेट, मग नीट मोजणी, ओलं माप आणि हवेची चाचणी. हे सगळं एका दुपारचं काम आहे. कागदावर पहिल्या धक्क्याचे आणि शेवटचे, कोरडे आणि ओले, असे सगळे आकडे लिहून मला पाठवा, मग बोलू. आणि हेड उतरलंच तर टायमिंग बेल्ट नवा टाकायला विसरू नका. बसवताना खुणा स्वतः वाकून बघा.